पहिलं 'नको'

यझ्द, इराण
२० मेहर महिना

चि. मेहरबान यास,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. उकाडा सरला, अंगणातली डाळिंबं तडकायला लागली आहेत आणि माझे गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरतात. शेजारच्या बानूबाईंनी तुझी चौकशी केली. तू खुशाल आहेस असं मी सांगून टाकलं, काही माहीत नसताना.

आईला जाऊन साडेतीन महिने झाले. तू लिहितोस, "ताई, मी विचारलं होतं, आईच नको म्हणाली." अगदी खरं आहे. मी तिच्या शेजारीच बसले होते.

वसंतात तू आठ जर्मन पाहुणे फिरवायला घेऊन आलास, हवेलीतल्या त्या हॉटेलात उतरलास आणि तिथून फोन केलास. अठरा वर्षांनी गावात पाऊल टाकलंस, तेही प्रवासी म्हणून. "आई, येऊ का?" असं विचारलंस. ती म्हणाली, "नको रे बाळा, पाहुणे सोडून कशाला येतोस? दमला असशील." तू म्हणालास, "बरं, मग पुढच्या खेपेला निवांत येतो." आणि फोन ठेवलास. आई रिसीव्हर कानाला धरून बसून राहिली. तिचं अजून एक 'नको' बाकी होतं, त्यानंतर 'ये'.

तिकडे परदेशात राहून विसरला असशील तर सांगते. आपल्यात पहिली दोन 'नको' रीतीची असतात, तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळतं ते उत्तर खरं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. बानूबाई बदामाची करंजी पुढे करायच्या तेव्हा तू दोनदा नको म्हणायचास आणि तिसऱ्यांदा हात पसरायचास. एकदा त्यांनी दोनदाच विचारलं, तर घरी येऊन भोकाड पसरलं होतंस. तेव्हा विसरलास वगैरे मला सांगू नकोस. ते 'नको' तुझ्या सोयीचं होतं, म्हणून तू पहिलंच उचललंस.

तीन दिवस आई दारासमोर खुर्ची टाकून बसली होती, हिरवा रुमाल डोक्याला बांधून. तू उंबऱ्यात आलास की हातावर गुलाबपाणी शिंपडायचं, आरसा दाखवायचा, म्हणून गुलाबदाणी भरून ठेवली होती, आरसा घासून लख्ख केला होता. कडी वाजली की उठायची. दुसऱ्या दिवशी कडी वाजवली ती हॉटेलच्या माणसाने. तू मिठाईचा डबा पाठवला होतास. यझ्दची मिठाई, यझ्दच्याच म्हातारीला. जिरं जिथे पिकतं त्या किरमानलाच जिरं पाठवावं तसं. तिने तो उघडला नाही. म्हणाली, त्यालाच आवडते ही, आला की खाईल.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी मी तिच्या नावाने वाटायच्या सिरोगच्या रोट्या तळत होते, तेव्हा तुझं फोटोंचं पाकीट आलं. बातमी कळायच्या आधी टपालात टाकलेलं. एका फोटोत तू, पूर्वी आपल्या जरथुष्ट्री लोकांची प्रेतं गिधाडांसाठी ठेवत त्या जुन्या दख्म्याच्या टेकडीवर उभा आहेस आणि पाहुण्यांना हात करून काही दाखवतो आहेस. मागे खाली आपली दफनभूमी दिसते. सरूच्या झाडाजवळ बाबा आहेत. त्यांच्या शेजारची जी मोकळी जागा फोटोत आहे, तिथे आता आई आहे. एवढा चढलास, पण तेवढं खाली उतरून बाबांजवळ जाणं तुला जमलं नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, मीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने आंबट आश शिजवली, तुझ्या आवडीची, बीट आणि मसूर घातलेली. मग मला म्हणाली, "सरवर, त्याला फोन कर. म्हणावं, आश उरली आहे, वाया जाईल." पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, कुणी चमचासुद्धा बुडवला नव्हता. 'ये' हा शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हता. मी फोन लावला आणि तूच उचललास. मागे हसणं ऐकू येत होतं. तू दोनदा "कोण?" म्हणालास. मनात आलं, अठरा वर्षं हिची उठबस मी केली, आता याला आग्रहही मीच करायचा? एकदा तरी याने विचारावं. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, "ते लोक गेले सगळे."

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतात. मला ते ठाऊक होतं.

आई "बरं" म्हणाली. गुलाबपाणी डाळिंबाच्या आळ्यात ओतलं, आरसा पालथा घातला. त्यानंतर तिने तुझं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तुझा राग येतो, खूप येतो, पण तो करायला बसले की माझं हे पाप आधी समोर येतं. तुला वाटतं तू एकट्याने तिला उपाशी ठेवलंस. आपण दोघांनी ठेवलं.

पत्राच्या शेवटी विचारतोस, वर्षाच्या दिवसाला येऊ का?

नको. कशाला उगाच तसदी घेतोस?

आतापर्यंत एकदाच 'नको' म्हणालेली,
तुझी ताई
सरवर