काचेवरची सफेदी

फेकाँ, ६ मार्च १९६१

ओदील पोरी,

तुझं पत्र मिळालं. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. गेला नसेल तर छाती शेक, आणि पॅरिसच्या डॉक्टरांच्या नादी लागू नकोस. माझा गुडघा आहे तसाच आहे. वारा थांबत नाहीये, बंदरात बोटी नुसत्या आदळतायत.

बापाची चित्रं न्यायला गाडी गुरुवारी पाठवू का म्हणतेस. गुरुवारी नको. वखारीचं छप्पर गळतंय, चित्रं हलवता यायची नाहीत. ईस्टरनंतर बघू. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणखी महिनाभराने काय बिघडतं? लागेल तुला हे. लागू दे. इतक्या वर्षांत बापाला चार ओळी लिहिल्या नाहीस, आणि आता एकदम प्रदर्शन काय, छापील निमंत्रणं काय, त्याच्या कवितांचं पुस्तक काय!

तुझा बाप बरा आहे. खातो. परवा हेरिंग मासे भाजले, माझ्या वाटणीचेही खाल्ले. रोज सकाळी माझ्या चुलीवर त्याचं रंग कालवायच्या सरसाचं भांडं चढतं. ससे माझे, कातडी माझी, चूल माझी, आणि उकळणाऱ्या कातड्याचा वास घरभर. म्हटलं, "बाझिल, लोकांच्या घरात सकाळी कॉफीचा वास येतो." तर म्हणाला, "लोकांच्या घरात तू नसतेस, ताई." म्हणजे जीभ शाबूत आहे.

कामही करतोय. दिवसभर वखारीतच असतो. मी माझं दुकान कायमचं बंद केलं तेव्हा खडूच्या भुकटीची पोती उरली होती, तीसुद्धा मागून नेली.

त्याला लिहिलेलं तुझं पत्र मीच वाचून दाखवलं, त्याचा वाचायचा चष्मा फुटलाय. ऐकून घेतलं.

चित्रांची मापं पाठवीन. जरा थांब.

तुझी आत्या
ओनोरीन


फेकाँ, १९ मार्च

ओदील,

हट्टी आहेस. आईवर गेलीस. थांब म्हटलं तरी सुताराला पेट्या करायला सांगितल्यास. तो माप घ्यायला माझ्या दारात उभा. "बाई, चित्रं दाखवा." कॉफी पाजून वाटेला लावला. असं कितीदा करू? म्हणून सरळ लिहिते. बसून वाच.

चित्रं राहिली नाहीत.

चोरीला गेली नाहीत की जळाली नाहीत. वखारीत ओळीने उभी आहेत, सगळी पांढरीफट्ट. त्यानेच केली. माझी भुकटी सरसात कालवून एकेकावर फासली, भिंतीला चुना मारावा तशी. आधी मागची बाजू, जिथे तो पेन्सिलीने कविता लिहायचा. मग पुढची. छप्पर गळत नाही. ते मी खोटं लिहिलं.

डोकं फिरलंय असं समजू नकोस. मलाही आधी तेच वाटलं, डॉक्टर आणला. बाझिल त्याच्याशी सफरचंदाच्या कलमांवर गप्पा मारत बसला. जाताना डॉक्टर म्हणतो, "बाई, तुमचा भाऊ तुमच्यापेक्षा शहाणा आहे."

तुझं पत्र ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सगळी चित्रं भिंतींना टेकवून मांडली आणि मधे स्टूल टाकून दिवसभर बसला. जेवायला हाक मारली, आला नाही. संध्याकाळी आला, हात धुतले आणि म्हणाला, "आज नीट बघितली. उद्यापासून सरस जास्त लागेल." मला वाटलं, पोरीच्या पत्राने हुरूप आला, नवीन काढणार. मी दोन ससे मारले.

तू लिहिलं होतंस ना, की बाबा, तुमच्या कामात काय होतं ते आता लोकांना दिसेल. तुझं काही चुकलं नाही. चांगलंच लिहिलं होतंस. तेवढं वाक्य त्याने मला परत वाचायला लावलं होतं. हे सांगायचं नव्हतं, पण आता काय लपवायचं.

मला कळलं तोवर बरीच झाली होती. मी ओरडले, "अरे गाढवा, काय केलंस हे?"

तो शांतपणे म्हणाला, "दुकान बंद केलंस तेव्हा काचांना काय फासलंस?"

"हीच सफेदी. सगळेच दुकानदार फासतात."

"कशाला?"

"रिकाम्या फळ्या लोकांना दिसू नयेत म्हणून."

"मग?" म्हणाला, आणि परत ब्रश उचलला.

मला चित्रातलं काही कळत नाही. धड बोट नाही, झाड नाही, नुसते पट्टे. पण एक मोठं निळं होतं, तुला आठवत असेल. दुकानातून पाय दुखत आले की मी वखारीत जाऊन त्याच्यासमोर जरा उभी राहायची. का, विचारू नकोस. कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

काल दुपारी तो झोपला होता. मी ते निळं शोधून काढलं. काचेवरची सफेदी ओल्या फडक्याने निघते, तशीच ही निघेल म्हटलं. गरम पाणी घेतलं, एक कोपरा पुसला. पांढरं निघालं. खाली निळं दिसलं. पोरी, मी एकटीच हसले. आणखी थोडं पुसलं, तर निळंही निघून आलं. त्याचे रंगही सरसातच कालवलेले, गरम पाणी लागलं की सगळंच सुटतं. खाली नुसतं कापड, आणि माझं फडकं निळं.

वळून बघते तर हा दारात. रागावला नाही.

"तुला आवडायचं ते?"

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

आत आला. मग माझ्या हातातलं फडकं घेऊन पिळलं, बाजूला ठेवलं, आणि तेवढा कोपरा पुन्हा पांढरा केला.

आज वखारीत गेला नाही. तिथे आता काही करायचं उरलं नाही. चूल मोकळी आहे. घरात कॉफीचा वास येतोय. आम्ही समोरासमोर बसून पितो, तो खिडकीबाहेर बघतो, मी त्याच्याकडे.

गाडी पाठवू नकोस. निमंत्रणं छापली असतील तर त्यांचं काय करायचं ते तू बघ. तुला यायचं तर ये, पण तो तुझं नाव काढत नाही. पुन्हा खोटं लिहिणार नाही.

लहानपणी त्या वखारीत तू तासन्‌तास बसायचीस. एखादं चित्र आवडत असेल तर कुठलं ते लिही. उपयोग काही नाही. तरी लिही. चष्मा अजून फुटकाच आहे, मी मोठ्याने वाचून दाखवीन.

जिने आधी बोलायला हवं होतं ती,
तुझी आत्या
ओनोरीन