कोरी प्लेट

आप्पा,

उद्यापासून परत कामावर जायचंय. कंपनीतून सुपरवायझरचा फोन येऊन गेला. आई म्हणते, जा, मन रमेल. मन रमायचं राहू द्या, मला लॅबमधल्या त्या प्लेटला हात लावायचीच भीती वाटते. हे आईला सांगितलं तर ती नोकरीच सोड म्हणेल. मग सांगू कुणाला? म्हणून तुम्हाला लिहितेय.

शिरूरच्या कॉलेजात आमचं प्रदर्शन बघायला आला होतात, आठवतं? रोपांच्या नर्सरीतून तसेच उठून, पायजम्याला कोकोपीटचा, नारळाच्या काथ्याचा भुसा लागलेला. बायोटेक्नॉलॉजी म्हणजे काय ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण गावभर सांगत सुटलात, "पोरगी जंतूंची डॉक्टर होतीया!" मग काय, कुणी डागाळलेलं डाळिंब घेऊन दारात, कुणी आजारी शेळी. मी चिडायचे आणि तुम्ही मिशीत हसायचात.

त्या दिवशी मी तुम्हाला जंतू वाढवलेली प्लेट दाखवली. बशीएवढी, आत पिवळे ठिपके. नवरात्रात घटातलं धान बघता तसे तुम्ही वाकून बघत राहिलात. "लई झ्याक उगवलंय की गं!" माझ्या मैत्रिणींना हसू आवरेना. मिरची-टोमॅटोची रोपं करून घर चालवलेला माणूस दुसरं काय म्हणणार? उगवलं ते चांगलं, एवढंच तुमचं शास्त्र.

पुढं वर्गातली एक जण केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या लॅबमध्ये गेली, एकानं औषधं खपवायची बॅग उचलली, सुनीता पुण्याच्या एका दवाखान्यात लॅबला लागली. मी कारेगावात खोली घेतली आणि इंजेक्शनच्या कंपनीत रुजू झाले. इंजेक्शनमध्ये जंतू नाहीत ना, एवढंच तपासायचं. प्लेट कोरी राहिली की दिवस चांगला.

रोज संध्याकाळी तुमचा फोन. "काय उगवलं का आज?"

"न्हाई, आप्पा."

"असू दी. उद्याच्याला उगवंल."

किती वेळा समजावलं मी! तरी तुम्ही आपले माझी समजूत काढायचात.

आणि पायाला खुरपं लागलं ते फोनवर का नाही सांगितलंत? ताप आला की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या, जरा उतरला की उरलेल्या कोनाड्यात, पुढच्या खेपेला. त्यावरून किती भांडले मी! "औषध कशाला वाया घालवायचं?" म्हणायचात. अर्धवट गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, हे आम्ही दुसऱ्या वर्षालाच शिकलो. परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले, घरात मात्र कुणी ऐकलं नाही. राग येतो तुमचा, आप्पा. अजून येतो.

पुण्याला ॲडमिट केलं तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता. तुमचं रक्त सुनीताच्याच लॅबला गेलं. तिचा फोन आला तेव्हा मी तुमच्या उशाशी होते.

"रक्तात जंतूंची ग्रोथ आलीय गं," ती म्हणाली, "आन् एकाबी औषधाला दाद देत न्हाई." मला समजायचं ते समजलं.

तुम्ही डोळे उघडलेत. "काय म्हनती लॅबवाली? उगवलं का?"

"उगवलं, आप्पा."

"बघ! म्हनत नव्हतो मी?"

केवढे खूश झालात! माझा हात दाबलात. त्यानंतर तुम्ही नीट बोललाच नाहीत.

तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा आपल्याकडं घट बसणार नाहीत. नर्सरीतले ट्रे आईनं धुऊन पालथे घालून ठेवलेत. घरात कुठं काही उगवत नाही.

तरी उद्या जाणार आहे मी. ते इंजेक्शन कुणाच्या तरी बापाला टोचलं जाणार आहे ना? एकही प्लेट घाईनं बघणार नाही, हा माझा शब्द. आणि रोज संध्याकाळी, तुमच्या फोनच्या वेळेला, तुम्हाला सांगत जाईन, आज काही उगवलं नाही. तुम्ही फक्त "असू दी" म्हणू नका.

तुमची,
जंतूंची डॉक्टर
मनीषा