मडक्यावरचं बोट

टीचर, आज लेकीला दुसरीच्या वर्गात सोडून आले. वाटेत तिनं विचारलं, "दुसरीत काय शिकवतात गं?" पाढे, जोडाक्षरं, घड्याळ, एवढंच मी सांगितलं. दौंडच्या मिशनच्या शाळेत तुम्ही आम्हाला आणखी काय शिकवलंत, ते मला अजून धड सांगता येत नाही.

वडील रेल्वेत, म्हणून आम्ही कॉलनीत राहायचो. वर्गातली निम्मी पोरं आमच्यासारखीच, घरी आरती आणि शाळेत डोळे मिटून प्रार्थना. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बायबलच्या तासाला देवानं सहा दिवसांत जग कसं केलं ते चाललं होतं, आणि एकेकानं एकेका दिवसाची वस्तू आणून टेबलावर ठेवायची होती. कुणी मेणबत्ती आणली, कुणी ज्वारीचं कणीस. मी विचारलं, "टीचर, सूर्य तर चौथ्या दिवशी केला. मग पहिल्या दिवशी उजेड कशाचा?" घरी असल्या चौकशीला नस्ता भोचकपणा म्हणत. तुम्ही खडू खाली ठेवलात. "लहानपणी मलाही हेच कोडं पडलं होतं. अजून सुटलं नाही." मोठ्या माणसाला उत्तर येत नाही आणि ते तसं सांगूनही टाकतं, याची मला भारी गंमत वाटली.

सहावा दिवस माझा, माणसाचा. सगळ्यांना वाटलं, ही बाहुली आणणार. मी आणलं खापर. इनामगावच्या मामानं दिलेलं. "आमच्या रानात असली लई निघत्यात. हजारो वर्सांचं हाय म्हनत्यात," असं तो म्हणाला होता. माती ओली असताना त्यावर कुणाचं तरी बोट रुतलं होतं. तुम्ही त्या खळग्यात बोट घालून बघता, ते मावत नाही. मग आम्हाला ओळीनं बोलावता, आणि आमची बोटं बरोबर बसतात. "अरे, हे तर दुसरीतलं पोर," तुम्ही म्हणता आणि वर्ग हसतो.

मी हसले नाही. त्याच वर्षी माझा तान्हा भाऊ तापानं गेला होता. बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, बाप्तिस्मा न झालेले स्वर्गात जात नाहीत. खोडसाळपणानं नाही, पाढा सांगावा तसं सांगितलं तिनं. मग तो आहे कुठं? घरी विचारायची सोय नव्हती, त्याचं नाव निघालं की आई उठून जायची. म्हणून मी आडून विचारलं, "टीचर, या पोराला येशू माहीतच नव्हता. मग ते मेल्यावर कुठं गेलं?"

मी कुणाबद्दल विचारतेय ते कळलं होतं तुम्हाला. "मला ठाऊक नाही, बाळा. पण हे बघ. पोरानं बोट खुपसलं, तरी कुणी तो खळगा बुजवला नाही. मडकं तसंच भाजलं. कुणाचं तरी लाडकं होतं ते." मग डब्याच्या प्रार्थनेत तुम्ही त्या पोराचं नाव घेतलंत, म्हणजे 'मडक्यावरचं पोर' म्हणालात, आणि त्याच्यामागे माझ्या भावाचं. सगळा वर्ग आमेन म्हणाला, मैत्रीण सगळ्यांत मोठ्यानं. घरी सांगितलं तर आई उठून गेली नाही. "नाव घेतलं त्यांनी त्याचं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली.

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. शिरूरला तुमच्या माहेरच्यांनी माती दिली म्हणे. मघाशी शाळेतून आल्यावर लेकीनं विचारलंच, "तुझ्या टीचर आता कुठं आहेत?" मी म्हटलं, ठाऊक नाही. आणि खापर तिच्या हातात दिलं. तिचं बोट बसलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक सांगते. ऑफिसात डबा उघडला की मी अजून डोळे मिटते. लोकांना वाटतं, ही वदनी कवळ म्हणते. मी भावाचं नाव घेते, आता तुमचंही. आमेन तेवढं म्हणत नाही. कुणीतरी म्हणेल म्हणून थांबते.