रोहिणीची पाळी, माझा मोबाईल

७ जुलै, सोमवार. केज.
शनिवारी अंबाजोगाईला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बायकोला, म्हणजे रोहिणीला, पीसीओएस निघालं. पाळी वेळेवर नाही, वजन वाढतंय. बाई म्हणाल्या, गोळ्या घ्या, रोज चाला, तारखा लिहा, तीन महिन्यांनी दाखवा. म्हटलं, तारखांचं माझ्यावर सोडा. मी मास्तर आहे. शाळेची सगळी माहिती मीच ॲपवर चढवतो. पोषण आहाराची तर खिचडी शिजायच्या आधीच चढवतो.

संध्याकाळी ६.
तीन ॲप तपासली. पहिलं सगळं इंग्रजीत, नाश्त्याला ब्लूबेरी सांगतं. केजच्या बाजारात ब्लूबेरी! शून्य गुण. दुसऱ्याने पहिल्याच पानावर मला विचारलं, गरोदर राहायचंय का? संताप आला. डिलीट. तिसरं मराठीत आहे, पण मला सखी म्हणतं. चालवून घेतलं. दहापैकी सात.

८ जुलै.
रोहिणी म्हणते, ते ॲप माझ्या फोनवर टाका. नकार दिला. ती बीएस्सी आहे, पण ॲपचं वेगळं असतं.

१३ जुलै, रविवार.
दर रविवारसारखे संघटनेचे नऊ मास्तर जेवायला. रोहिणीची कंबर धरली म्हणे. ॲपमध्ये कंबरेचा रकानाच नाही. एक गुण कापला.

१४ जुलै.
ताटात जाड भाकरी. म्हणजे आईच्या हातची. म्हणजे रोहिणी बाहेर बसली. पाळीच्या चार दिवसांत सुनेने चुलीला शिवायचं नाही, आई त्यात कडक. लगेच तारीख टाकली. विचारायची गरजच नाही. पद्धत शास्त्रीय आहे.

२ ऑगस्ट.
पावलांचा रिपोर्ट आला. दिवसाला सातशे! भडकलो. बाई हलतच नाही. रोहिणीचं म्हणणं, ती रोज पहाटे आईबरोबर मळ्यापर्यंत जाऊन येते, फोन माझ्या खिशात असतो. कारणं सांगण्यात पटाईत आहे. उद्यापासून मीही चालणार.

३ ऑगस्ट.
बूट सापडले नाहीत. घरात कुणाला कशाचं काही नाही.

११ ऑगस्ट.
जाड भाकरी. बरोब्बर अठ्ठावीस दिवस! ॲप रोज मूड विचारतं. तिचा कुठे विचारत बसू, माझाच टाकतो: राग. तर म्हणतं, सखी, पाळी जवळ आली की असं होतं. फोन आपटला. गादीवर आपटला.

८ सप्टेंबर.
जाड भाकरी. पुन्हा अठ्ठावीस. तिन्ही वेळा सोमवार! ही शिस्त माझ्यामुळे आली. आलेख हिरवागार.

२८ सप्टेंबर, रविवार.
पाहुणे गेल्यावर रोहिणीला आईसमोरच आलेख दाखवला, जाड भाकरीची पद्धतही समजावली. सांगितलं, आजार गेला, गोळ्या बंद, अंबाजोगाईला जायचं नाही. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"त्या पाळीच्या तारखा न्हाईत. रविवारी तुमची माणसं जेवून जातात, सोमवारी मला उठवत न्हाई. महिन्यातून एकदा आईच म्हणतात, बस बाहेर. चार महिने झाले, पाळी आलीच न्हाई. एकदा तरी इचारलं का मला?"

मी आईकडे पाहिलं.

"मीच बसिवलं तिला," आई म्हणाली. "तिला सोडून तू भाकरीला कशाला इचारीत बसलास?"

२९ सप्टेंबर.
संताप, संताप. सख्ख्या आईने खोटी माहिती पुरवली. मग ॲप काय करणार आणि मी तरी काय करणार? शाळेत अंदाजे भरतो ते ठीक. घरात तरी माणसाने खरं सांगावं.

३० सप्टेंबर.
संघटनेचा रविवार रद्द करावा का, विचार चालू आहे. घाई नको.

४ ऑक्टोबर, शनिवार.
दोघी सकाळच्या एसटीने अंबाजोगाईला गेल्या. मला नेलं नाही. म्हटलं, निदान फोन तरी न्या. रोहिणीने पिशवीतून वही काढून दाखवली. चाललेले दिवस, घेतलेल्या गोळ्या, कुठे काय दुखलं, पाळी न आलेले महिने, सगळं तारखेनिशी. जुलैपासूनचं. तिने लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं.

दुपारी माझी मीच भाकरी थापली. आईच्या भाकरीपेक्षा जाड झाली, मधे कच्ची राहिली. खाता खाता ॲपचा निरोप आला: अभिनंदन सखी! सलग नव्वद दिवस तू स्वतःची काळजी घेतलीस.