बोरगाव शिवार थांब्यावरील तेहेतीस सेंटीमीटर

प्रति,
श्री. व्यंकट बिरादार,
उपमुख्य अभियंता (वाहने व थांबे) तथा सदस्य सचिव, प्रवासी परीक्षण समिती,
गोदा-मांजरा प्रादेशिक ट्राम-रेल्वे प्राधिकरण, लातूर.

विषय : दि. ९ जानेवारी २०२६ च्या चाचणीच्या इतिवृत्तातून गाळलेली आपली तीन वाक्ये जशीच्या तशी नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) अपघात अहवाल, थांबा क्र. ७ (बोरगाव शिवार), दि. १५ नोव्हेंबर २०२४ (सही आपली).
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
३) आपले इतिवृत्त, दि. १४ जानेवारी २०२६ (सही आपलीच).

महोदय,

१. आपण पाठवलेल्या इतिवृत्ताच्या तिसऱ्या पानावर मुद्दा क्र. ४ आणि मुद्दा क्र. ५ यांच्यामध्ये २.६ सेंटीमीटर रिकामी जागा आहे. बाकी सर्व मुद्द्यांमध्ये ती ०.९ सेंटीमीटर आहे. मी पोलादी पट्टीने तीन वेळा मोजली. या टंकात जास्तीच्या जागेत तीन ओळी बसतात. कोणत्या तीन, हे मला ठाऊक आहे, कारण त्या उच्चारल्या गेल्या तेव्हा मी आपल्यापासून दोन पावलांवर वही घेऊन उभी होते. त्यांच्या जागी आता मुद्दा क्र. ४ मध्ये एवढेच आहे : "चाचणी समाधानकारक. सदस्यांची हरकत नाही." समितीत सात सदस्य आहेत. सातवी मी आहे आणि मी अद्याप सही केलेली नाही.

२. हा अर्ज पुढे वरिष्ठांकडेही जाणार असल्याने पार्श्वभूमी थोडक्यात मांडते. माझी आई, श्रीमती भामाबाई आनंदराज सोनकांबळे, वय ६२, राहणार बोरगाव, या निवृत्त अंगणवाडी सेविका आहेत. धाकटी बहीण महामाया नांदेडला परिचारिकेचे शिक्षण घेते. तिच्यासाठी दर मंगळवारी ज्वारीचे पीठ आणि शेंगाचटणी घेऊन आई थांबा क्र. ७ वरून गाडीने नांदेडला जात असे. दि. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ९.२० च्या गाडीत चढताना तिचा पाय फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत गेला व मांडीचे हाड मोडले. थैलीचे वजन ९.२ किलो होते. हे नंतर मी मोजले, कारण पीठ कोणी उचलून नेले नव्हते.

३. आपण तिसऱ्याच दिवशी अहवाल दिला. त्यातील शेरा : "सदर महिलेने क्षमतेपेक्षा जास्त ओझे घेऊन निष्काळजीपणे चढण्याचा प्रयत्न केल्यामुळे अपघात घडला." त्याच दिवशी थांब्यावर अपघाताबद्दल प्राधिकरणाचा फलक लागला. त्यावर नाव नव्हते. पण तारीख होती, आणि बोरगावात त्या तारखेला दुसरे कोणी पडले नव्हते. आईने एकतीस वर्षे गावातल्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवली. "एका महिलेच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द तिला पहिल्यांदा वाचून दाखवले ते तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराने, जे आता दहावीला आहे. त्या दिवसानंतर ती थांब्यावर गेली नाही. पीठ एसटीने जाते. गावात कोणी काही बोलत नाही, फक्त ती कुठे निघाली की "सावकाश जा हो बाई" असे म्हणतात. आधी कोणी म्हणत नव्हते.

४. मला नुकसानभरपाई नको होती. तसे चारही अर्जांत लिहिले आहे. मला त्या शेऱ्यातला एक शब्द काढून हवा होता. पहिल्या तीन अर्जांना "पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित" असे उत्तर आले. कोणाकडे अग्रेषित, असे चौथ्या अर्जात विचारले, तेव्हा तो अर्ज माझ्याकडेच परत आला. मी अहमदपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची निदर्शक आहे. प्रयोगाचे उत्तर चुकले तर पुन्हा मोजायचे, एवढेच मी मुलांना शिकवते. म्हणून मी मोजले.

५. ओळीने अकरा रविवार मी शहराबाहेरच्या सातही थांब्यांवर गेले. आपल्या नकाशानुसार फलाट आणि गाडीचा उंबरा यांच्या उंचीत २ सेंटीमीटरचा फरक असायला हवा. प्रत्यक्षात तो ३३ सेंटीमीटर आहे. सातही ठिकाणी तेवढाच. सात ठिकाणी सारखीच चूक निघाली की ती गवंड्याची नसते, मोजणाऱ्याची असते. कारण शोधायला पाच मिनिटे लागली. आपली गाडी शहरात ट्रामसारखी रस्त्यावरून आणि बाहेर रेल्वेसारखी रुळांवरून धावते. शहरात रूळ रस्त्यात बुडवलेले आहेत. तिथे फलाटाची उंची रस्त्यापासून मोजा किंवा रुळाच्या माथ्यापासून, आकडा एकच येतो. शहराबाहेर रूळ खडीच्या भरावावर आहेत आणि बाजूच्या पायवाटेपेक्षा ३१ सेंटीमीटर उंच आहेत. शहरातले थांबे बांधून झाल्यावर त्याच सवयीने आपण बाहेरचे सात थांबे पायवाटेपासून मोजले. मोजमाप पत्रकावर सही आपली आहे. म्हणजे चूक ज्यांची, अहवालही त्यांचाच.

६. गेल्या सप्टेंबरमध्ये समितीवर विज्ञान शिकवणाऱ्यांतून एक सदस्य घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि माझी चिठ्ठी निघाली. त्यासाठी मी काही केले नव्हते. मात्र आनंद झाला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. नवीन आठ गाड्या सातही सदस्यांच्या सह्यांशिवाय प्रवाशांसाठी सोडता येत नाहीत, हे मी त्याच संध्याकाळी नियमावलीत वाचले. नियम ११ सुद्धा वाचला : चढ-उताराची चाचणी सदस्य सांगेल त्या "प्रत्यक्ष प्रवाशाच्या परिस्थितीत" सदस्य सचिवाने स्वतः द्यावी. नव्या गाड्यांना दाराखालून सरकती पायरी आहे, त्यामुळे जुन्या तक्रारी आपोआप निकाली निघतील, असे आपण पहिल्या बैठकीत सांगितले. पायरी पुढे सरकते, वर किंवा खाली होत नाही. फट बुजते, उंची तशीच राहते. गाडी नवी असली तरी फलाट तोच आहे. हे मी तेव्हा बोलले नाही. चाचणी थांबा क्र. ७ वर व्हावी, एवढीच मागणी केली.

७. चाचणीच्या अटी मी लेखी दिल्या होत्या. हातात ९.२ किलो पिठाची थैली. लुंगी, आणि ती घोट्यापासून चार बोटांहून जास्त वर उचलायची नाही, कारण भर फलाटावर बाईला लुगडे तसे उचलता येत नाही. वेळ १८ सेकंद, कारण दार तेवढाच वेळ उघडे राहते. आपण अटी वाचून हसला होतात. सदस्य श्री. ग्यानोबा मुंडकर, शेतकरी, हसले नाहीत. "आमच्या म्हाताऱ्या रोज ह्याच उड्या मारून राहिल्यात साहेब, तुमी एकदा मारा," असे ते म्हणाले. हे वाक्यही इतिवृत्तात नाही. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते तोंडपाठ असणारे लोक पुष्कळ आहेत.

८. आदल्या दिवशी मी घरी थैली भरत असताना आईने मला विचारले, "तू त्येला पाडाय निघालीस का फलाट नीट कराय?" मी थैली पुन्हा काट्यावर ठेवली. प्रश्न बरोबर होता. त्यानंतर तिने चाचणीला येण्याचा हट्ट धरला आणि चौदा महिन्यांनी थांब्यावर पाऊल ठेवले. ती येऊ नये असे मला वाटत होते. कारणे दोन होती. एक तिचा पाय. दुसरे लिहीत नाही.

९. चाचणीचा तपशील, माझ्या वहीप्रमाणे :
पहिला प्रयत्न, ११.४० : आपण उजवा पाय उचलला, लुंगी ताणली गेली, पाय परत खाली. दार बंद.
दुसरा प्रयत्न, ११.४६ : आपण थैली आधी आत ठेवली. मी हरकत घेतली. थांबा क्र. ४ वर असेच करणाऱ्या केवळाबाईंची थैली एकटीच नांदेडला गेली होती.
तिसरा प्रयत्न, ११.५१ : उजवा पाय वर, डावा हात दांड्यावर, थैली उजव्या हातात. थैली झोका खाऊन दाराला लागली. आपले शरीर मागे कलले. दार मिटू लागले, खांद्याला लागून पुन्हा उघडले. आपला डावा पाय फलाटावरून सुटला नाही, उजवा वर टिकला नाही. असे चार सेकंद.

त्या चार सेकंदांत मी पुढे झाले नाही. माझ्या हातात वही होती, असे कारण देता येईल, पण ते खरे नाही. आपण पडावे असे मला वाटत होते. आईने काठी ग्यानोबांच्या हातात दिली, पुढे होऊन आपल्या हातून थैली घेतली आणि म्हणाली, "द्या इकडं साहेब. आधी पाय घट्ट रोवा, मग वर बघा. घाई नका करू." फलाटावर बावीस माणसे होती. एकही हसले नाही. मी त्याची वाट पाहत होते.

१०. आपण खाली उतरलात. लुंगी सावरली. आईकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, तीन वाक्ये बोललात. वेळ ११.५३. आईने मान हलवली. तेव्हा मी पेनाचे टोपण काढले होते. त्या दुपारी, आपण थांबा सोडण्यापूर्वी, मी नव्या गाड्यांच्या कागदावर सही करणार होते. "लिहून येऊ दे, मग कर," असे आई म्हणाली, म्हणून थांबले. पाच दिवसांनी लिहून आले ते वर मुद्दा १ मध्ये दिले आहे. मी ते आईला वाचून दाखवले. ती म्हणाली की माणूस बोलला, पुष्कळ झाले. माझ्या मते पुष्कळ झालेले नाही. आपण तिला निष्काळजी ठरवले ते कागदावर, आणि निर्दोष ठरवले ते वाऱ्यावर. हा हिशेब मी मान्य करणार नाही.

११. दि. ९ रोजी माझी मागणी एकच होती. आता ती वाढली आहे, आणि ती वाढवली आपण :

(अ) गाळलेली तीन वाक्ये इतिवृत्तात त्याच जागी, आपल्या नावासह नोंदवावीत.

(आ) संदर्भ १ मधील शेऱ्यावर लाल शाईने रेघ मारून शेजारी आपली सही व तारीख घालावी. नवीन पान लावू नये. जुना शेरा खाली वाचता आला पाहिजे.

(इ) थांबा क्र. ७ वरील फलक आपण स्वतः स्क्रू काढून उतरवावा. आज तो लागल्याला ४३० दिवस झाले. त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत आपली तीन वाक्ये लावावीत आणि ती ४३० दिवस ठेवावीत. एक दिवसही जास्त नको.

(ई) सातही फलाट ३१ सेंटीमीटरने उंच होईपर्यंत आपण दर मंगळवारी सकाळी ९.२० च्या गाडीला थांबा क्र. ७ वर उभे राहून चढणाऱ्या बायांच्या थैल्या धराव्यात. पावसात छत्री वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र एक हात मोकळा राहील असे पाहावे.

(उ) वरीलपैकी एखादी मागणी अवास्तव वाटल्यास तसे कारणांसह लेखी कळवावे. "अग्रेषित" हा शब्द वापरू नये.

१२. नव्या गाड्या १ फेब्रुवारीपासून धावणार, असे पत्रकात छापून आले आहे. पाहुणे ठरले आहेत, हारांची मागणी गेली आहे, असे कानावर आले. माझ्या सहीसाठी आपल्या कार्यालयातून गेल्या चार दिवसांत सहा फोन आले. मी प्रत्येकाची वेळ लिहून ठेवली आहे. उत्तर एकच दिले : माझा अर्ज येत आहे. माझ्यामुळे लोकांची गैरसोय होईल, असे सहाव्या फोनवर सांगण्यात आले. ते खरे आहे आणि मला त्याची लाज वाटते. पण फलाट नीट न करता ती गाडी सोडली तर दुसरी बाई पडेल, आणि तिचा अहवालही आपणच लिहाल. दोन्हींपैकी कशाची लाज सोसायची, ते मी ठरवले आहे.

या अर्जाची पोच माझ्या समक्ष, शिक्क्यासह मिळावी. मी टपालावर विसंबत नाही.

अर्जदार,
(सही)
विशाखा आनंदराज सोनकांबळे
निदर्शक, भौतिकशास्त्र, अहमदपूर
सदस्य, प्रवासी परीक्षण समिती
दि. १९ जानेवारी २०२६

प्रत : मा. व्यवस्थापकीय संचालक, गोदा-मांजरा प्रादेशिक ट्राम-रेल्वे प्राधिकरण.

सोबत :
१. सात थांब्यांच्या मोजणीचा तक्ता, अकरा रविवारांचा.
२. फलकाचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी धरून.
३. चाचणीच्या वेळी फलाटावर हजर असलेल्यांपैकी एकोणीस जणांच्या सह्या व अंगठे. पहिला अंगठा केवळाबाईंचा. माझ्या आईने सही देण्यास नकार दिला, म्हणून तिचे नाव नाही.
४. इतिवृत्तात नोंदवावयाचा मजकूर. श्री. व्यंकट बिरादार, थांबा क्र. ७, वेळ ११.५३, श्रीमती भामाबाईंना उद्देशून :
"मावशी, चूक तुमची नव्हती. फलाट मी मोजला आणि मीच चुकीचा मोजला. तुमच्यावरचा शेरा मी आत्ता, ह्या सगळ्यांच्या समोर रद्द केला."