पिवळा कमी, निळा जास्त

६ जानेवारी, सकाळी साडेआठ

प्रिय ठिपके,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, कारण तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी चाळिशीच्या बाईला ‘ठिपके’ म्हणून हाक मारलेली तुला चालणार नाही. पण आत ठिपकाच. दवाखान्यात तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पांढऱ्या कापडात एक तांबूस ठिपका दिसला होता, तो माझ्या हिशेबी अजून तेवढाच आहे.

आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिने चढताना कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते. मी अजूनही आठच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. काल म्हणाली, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नटूनथटून घरच्याच टेबलाशी बसायचं, याला काम म्हणावं की नाटक? मी सांगितलं, स्वतःच्या मर्जीनं काम करणाऱ्याला साहेब नसतो, म्हणून शर्टालाच साहेब मानावं लागतं.

काम येतं अधूनमधून. सध्या एका कुलूपवाल्याचं कार्ड करतोय. त्याला कुलूप हवं, किल्ली हवी, दार हवं आणि दारात उभा असलेला तो स्वतः हवा. मी म्हटलं, अहो, एवढ्याशा कार्डात एवढी माणसं राहायला आली तर तुमचा फोन नंबर कुठे झोपणार? तर म्हणे, साधंच करा, पण लांबून ओरडलं पाहिजे. पन्नास वर्षांत हे वाक्य प्रत्येकानं मला आपल्या शब्दांत सांगितलंय. शेवटी एक रिकामं किल्लीचं भोक काढलं, बस्स. त्याला आवडलं. बायकोला दाखवून येतो म्हणाला. बघू.

सुचतं कुठून, असं तू लहानपणी विचारायचीस. मी काहीतरी थाप मारत असे. खरं सांगू? चौथीतल्या कवितांमधून. आमचे मास्तर डस्टरनं टेबलावर ठेका धरायचे आणि सगळा वर्ग लघु-गुरू मोजत वृत्त म्हणायचा. यती, म्हणजे ओळीतला विराम, चुकला की मास्तर थांबायचे, खडूची धूळ खाली बसेपर्यंत थांबायचे. ती थांबायची जागा माझ्या अंगात मुरली. आजही दोन अक्षरांमधलं अंतर मी पट्टीनं मोजत नाही, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहतो. श्वास अडला की समजावं, जागा कमी पडली.

एक बातमी आहे. आपल्या जुन्या प्रकाशकानं बोलावलं होतं. शाळेच्या कवितांची पाच पुस्तकं काढतोय, पहिली ते पाचवी. मुखपृष्ठं, आतली चित्रं, अक्षरं, सगळं मी करावं म्हणतो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते काम घरी चालून आलंय. तुझा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

तीन वर्षं झाली. फोन मी उचलला की तू म्हणतेस, “आईला द्या.” मी देतो. तक्रार नाही.

मध्यंतरी उजव्या डोळ्याचं एक किरकोळ काम करून घेतलं. त्याबद्दल पुढे कधीतरी.

थंडीत कान झाकत जा.

तुझा,
बाबा

---

१९ जानेवारी, दुपार

ठिपके,

‘पुढे कधीतरी’ असं लिहून पत्र टाकलं आणि पेटीतून हात बाहेर काढतानाच स्वतःची लाज वाटली. म्हणून हे दुसरं. यात इकडचं तिकडचं फार नसेल.

किरकोळ काम म्हणजे मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिकलाय चांगला, किती वर्षं सांभाळलात? मी म्हटलं, मला काही त्रास नव्हता. त्या हसल्या. म्हणाल्या, हा हळूहळू येतो आजोबा, पिवळट काचेतून बघितल्यासारखं जग दिसायला लागतं आणि माणसाला वाटतं जगच तसं आहे. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसणं जिरलं होतं.

पट्टी काढली त्या दिवशी स्वयंपाकघराची भिंत पाहिली. गेली कित्येक वर्षं मी तुझ्या आईला सांगत होतो, ही भिंत कळकट झालीय, रंग काढायला हवा. भिंत पांढरीशुभ्र होती. उजवा डोळा झाकला की कळकट, डावा झाकला की शुभ्र. मी भिंतीसमोर उभा राहून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकत होतो. आई म्हणाली, “भिंतीला डोळे मारताय की काय या वयात?”

मग मी कपाटातून तुझं पुस्तक काढलं.

कुठलं ते तुला माहीत आहे. मुलांच्या कवितांचा तो संग्रह, ज्याचं मुखपृष्ठ तू केलंस. मोकळं माळरान, सकाळचं कोवळं, सायीसारखं ऊन, आणि खालच्या कोपऱ्यात पाठमोरी वळून बघणारी एक मुलगी. तू दुसऱ्या गावी अडकली होतीस, म्हणून छापखान्यात पहिला छापील ताव तपासून पास करायला तू मला पाठवलंस. म्हणालीस, बाबा, मी पाठवलेल्या नमुन्याशी जुळलं की सही करा, बाकी काही करू नका.

मी बाकी केलं.

नमुना आणि ताव शेजारी ठेवले. दोन्ही मला मळकट, पिवळे दिसले. मला वाटलं, पोरगी सगळं पडद्यावर बघते, कागदावर शाई कशी बसते ते हिला काय ठाऊक. आपण सांभाळून घेऊ. मशीनवाल्याला म्हटलं, पिवळा कमी कर, निळा वाढव. त्यानं केलं. मी म्हटलं, अजून. तो माझ्याच वयाचा, तीस वर्षांची ओळख. म्हणाला, “पोरीच्या नमुन्यावर जाऊ द्या ना. हे थंड पडतंय.” मी त्याला म्हटलं, तुझं नाक शाईत असतं, डोळे नाहीत. आणि तावावर तुझं नाव लिहून खाली पास अशी सही ठोकली. तुझ्या नावानं, माझ्या हातानं.

सगळ्या प्रती तशाच छापून निघाल्या. ऊन नाही, चांदणं. ती मुलगी गारठून निळी पडल्यासारखी. प्रकाशक चिडला. मला म्हणाला, ही कॉम्प्युटरवर वाढलेली मुलं, यांना शाई कळत नाही. आणि मी, तुझा बाप, मान डोलावली. म्हणालो, शिकेल हळूहळू.

तुला हे शेवटचं माहीत नव्हतं. बाकीचं तू ओळखलं होतंस. त्या दिवशी फोनवर तू एवढंच विचारलंस, “बाबा, तुम्ही रंगाला हात लावलात का?” मी म्हणालो, नाही, तुझ्या फाइलमध्येच गडबड होती.

ठिपके, ते खोटं होतं. त्या वेळी मला माझा डोळा खरा वाटत होता, हे मान्य. पण रंगाला हात लावला होता हे तर मला पक्कं ठाऊक होतं. डोळ्याचा दोष मोतीबिंदूचा. जिभेचा दोष माझा.

त्यानंतर त्या प्रकाशकानं तुला काम दिलं नाही, त्याच्या सांगण्यावरून आणखी दोघांनी दिलं नाही, आणि तू साबणाच्या कंपनीत नोकरी धरलीस. पाच वर्षं एकटीनं उभं केलेलं काम एका सहीनं मोडलं. आई म्हणायची, पोरगी कंटाळली असेल. मी ते ऐकून घ्यायचो. सोयीचं होतं.

परवा ते पुस्तक उजव्या डोळ्यानं पुन्हा नीट पाहिलं. आणि तुझा मूळ नमुना शोधून काढला, तो मी फेकला नव्हता, का कोण जाणे. तसं ऊन मी पन्नास वर्षांत एकदाही काढू शकलो नाही.

आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला मशीन थांबवलंत, आणि स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ.” आणि पुन्हा थोड्या वेळानं, “आता मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा.”

सोमवारी प्रकाशकाकडे जातो.

बाबा

---

२८ जानेवारी

प्रिय ठिपके,

जाऊन आलो. क्रमानं सांगतो, नाहीतर मी स्वतःला त्यात बरा दाखवीन.

सकाळी शर्ट घातला. तुझं छापील पुस्तक आणि तुझा नमुना पिशवीत ठेवला. आईनं विचारलं, पाच पुस्तकांचं काम जाईल, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, मग छत्री विसरता तसं बोलायचं विसरून परत येऊ नका, बोलून या.

प्रकाशकाच्या खोलीत खिडकीशी चांगला उजेड असतो. दोन्ही कागद तिथं मांडले. त्याला वाटलं पाच पुस्तकांसाठी काही आणलंय. खूश होऊन म्हणाला, वा, हे ऊन फार सुंदर, हेच घेऊ. मी म्हटलं, हे तुमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आलं होतं. आणि मग सगळं सांगितलं. मशीनवाला काय म्हणाला ते, मी त्याला काय म्हणालो ते, सही कुणी केली ते. तुमच्या म्हणण्यावर मी मान डोलावली, तेसुद्धा.

त्यानं दोन्ही कागद उचलून उजेडात शेजारी धरले. त्यानं मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. शेवटी म्हणाला, “तीन वर्षं तुम्ही माझ्यासमोर याच खुर्चीत बसत होतात.”

मी म्हटलं, हो.

मग तो पाच पुस्तकांविषयी बोलला. दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे का, विचारलं. आहे, एप्रिलमध्ये काढतील. म्हणाला, तर मग रंगाचं काम मी तुमच्याकडे कसं देऊ? मी म्हटलं, देऊ नका. आणि निघालो. पहिलीच्या पुस्तकासाठी मी आठ दिवस एक पान मनात रंगवत होतो. ते तसंच मनात राहील. असू दे. मनात बऱ्याच गोष्टी राहतात आणि माणूस जेवतो, झोपतो, चालतो.

तिथून मशीनवाल्याकडे गेलो. त्याचीही माफी मागायची होती. तो हात पुसत ऐकत होता. म्हणाला, तुमच्या नाकालाही शाई लागलीय का बघतो. मग आपणहून दोन स्टुलं ओढली.

आता महत्त्वाचं. त्याच्या खोलीतून निघून मी जिन्यापर्यंत पोचलो होतो, तेव्हा प्रकाशक मागून आला होता. त्यानं तुझा आताचा नंबर मागितला. पाच पुस्तकं तिला विचारतो, म्हणाला. मी दिला नाही. एकदा तुझ्या वतीनं सही केली, ती पुरे झाली. मी त्याला सांगितलं, आधी तिला विचारतो, आणि तुमच्या चुकीच्या बोलण्याबद्दल तुम्हालाही तिला काही लिहावं लागेल. तो म्हणाला, लिहीन. त्या दोघांनाही कळवीन, ज्यांना मी तेव्हा सांगितलं होतं. परत खोलीत जाऊन त्या दोघांची पत्रं मी त्याला माझ्यासमोर लिहायला लावली. दोन्ही पत्रं मी स्वतः पेटीत टाकली.

तेव्हा विचारतो: तुझा नंबर त्याला देऊ का? नोकरी सोड, असं मी म्हणत नाही. ही पुस्तकं घे, असंही म्हणत नाही. तुला साबणाचे कागद आवडत असतील तर खुशाल कर. फक्त हो किंवा नाही कळव. आईकडे कळवलंस तरी चालेल.

माझं म्हणशील तर मी थांबणार नाही. एप्रिलपर्यंत रंगाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. काळं आणि पांढरं, एवढंच. कुलूपवाल्याच्या बायकोनं किल्लीचं भोक पास केलं. एका चष्मेवाल्याची पाटी आलीय, त्यावर तुझी आई दोन दिवस हसतेय. आणि इथून पुढे माझ्या प्रत्येक कामाचा ताव दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याखालून गेल्याशिवाय मी पास करणार नाही. नियम भिंतीवर लिहून लावलाय. पन्नास वर्षं लागली, पण लावला.

तू क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही, असं एक वाक्य मी इथं लिहिलं होतं. खोडलं. करावीस असं वाटतं. पण तू केली नाहीस तरी हे पत्र बदलणार नाही, एवढं समज.

रंग तुझाच बरोबर होता.

तुझा अपराधी,
बाबा