डावा सुळा

६ डिसेंबर
झाशीला आले, एकदाची संसाराला लागले. एकतिसाव्या वर्षी लग्न, म्हणजे आमच्या साताऱ्यात बातमीच. घर ऐसपैस, गच्चीवर भरपूर ऊन, मंदार स्वभावाने गरीब. मोठ्या जाऊबाई, चारुतावहिनी, इथल्याच जवळच्या गुरसराय गावच्या. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरतात आणि स्वतःच हसतात. दात जन्मजात सरळ, एका ओळीत. मला पहिल्याच जेवणाला हेवा वाटला. लपवू कशाला, रोजनिशी माझीच आहे.

१० जानेवारी
मंदार म्हणाला, तुझेही दात वहिनींसारखे सरळ करून घे, हल्ली वयाचं काही नसतं. सहज म्हणाला, पण मला झोंबलं. इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांनी तार बसवली. घास चावेना, म्हणून वहिनींनी मुद्दाम मऊ खिचडी केली. त्यांच्या चांगुलपणाचाही मला राग येतो.

२ मार्च
बाकीचे दात हळूहळू वळणावर येतायत, डावा सुळा मात्र उलटाच चाललाय. डॉक्टर म्हणाले, "बहूजी, ये दाँत तार की सुनता ही नहीं." घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, कुणावर तरी दात असेल हिचा. सगळे हसले. मी तोंड मिटून हसले.

१९ मार्च
वहिनी डावीकडे बसल्या की सुळा ठणकतो. उठून उजवीकडे गेल्या की जिभेला कळतं — तो त्यांच्याकडे वळतो.

३ एप्रिल
सकाळी वहिनींच्या दंडावर एकच खोल भोक. काही चावलं असेल, म्हणाल्या. माझ्या तारेत त्यांच्या कुर्त्याचा हिरवा धागा अडकलेला. मी माझ्या खोलीतच झोपले होते — होते ना?

४ एप्रिल
सुळा उपटून घेतला. डॉक्टरांनी ताटलीत ठेवला होता, निघताना पाहिलं तर नाही. मला वहिनींचं वाईट नको होतं. त्यांचं हसू हवं होतं, तेवढंच.

५ एप्रिल
वहिनी हसल्या. त्या सरळ ओळीत, डावीकडे — माझा सुळा. लहानपणी उंबऱ्यावर आपटून टवका उडालेला, तोच. कुणालाच नवल नाही. मंदार म्हणतो, वहिनींना शोभतो.
इतकी वर्षं माझ्याच तोंडात होता, तेव्हा कुणी —

दुपार
वहिनी दारात. दुखतंय का, विचारतात. हसत नाहीत. सुळा माझ्याकडे वळलाय —
आता त्यांचा माझ्यावर दा